पंखांवाचून उड्डाण

वऱ्हाडातील मुलांना बर्फ ठाऊक असतो, तो गोळेवाल्याच्या गाडीवरील. अकोल्यास वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर चढतो. अमरावतीची स्थितीही फारशी निराळी नाही. उन्हाळ्यात ज्या चिखलदऱ्यास आपण गारव्यासाठी जातो, तेथेही एखाद्या पहाटे गवतावरील दव गोठून पांढरे दिसू लागले, तर त्याची वर्तमानपत्रात बातमी होते. अशा मुलखातील मुलांनी बर्फावरील खेळाची माहिती कशासाठी वाचावयाची, असे तुमच्यापैकी कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे आहे, की तुम्ही विहिरीत उडी मारली असेल, तर या खेळातील मुख्य अडचण तुम्हांला आधीच ठाऊक आहे.

माझ्या लहानपणी आमच्या मळ्यातील विहिरीवर गावची पोरे जमत. जो पोरगा हात जोडून, अंग ताठ ठेवून सूर मारी, तो पाण्यात सुरीसारखा शिरे. फारसे पाणीही उडत नसे. मी मात्र पहिल्या दिवशी घाबरून मध्येच अंग सैल सोडले आणि पोटावर आपटलो. तेच पाणी, तेवढीच उंची. परंतु संध्याकाळपर्यंत माझे पोट लाल होते. उंचावरून खाली येणे अवघड नाही. ते तर कोणासही जमते. आपण कोणत्या कोनाने खाली येतो आणि खालची वस्तू आपल्याला कशी भेटते, यावर सारे अवलंबून असते. आता ही विहीर मनातल्या मनात तशीच ठेवा, आणि माझ्याबरोबर आल्प्स पर्वतात चला.

युरोपच्या उत्तरेकडील देशांत व आल्प्सच्या डोंगराळ भागात हिवाळ्याचे काही महिने जमीन बर्फाखाली जाते. तेथील लोक पायांना लाकडाच्या लांब, अरुंद, पुढे वळवलेल्या फळ्या बांधून बर्फावरून चालत व घसरत. या फळ्यांना स्की म्हणतात. शेजारच्या गावी जाण्यासाठी, लाकूडफाटा आणण्यासाठी, शिकारीसाठी स्की लागत. पुढे हौशी तरुणांनी उतारावर बर्फाचा उंचवटा करून त्यावरून उड्या मारण्यास आरंभ केला. नॉर्वे देशात एकोणिसाव्या शतकात या उड्यांची स्पर्धा होऊ लागली. उडी लांबत गेली, तसतसा उतारही मोठा बांधावा लागला, आणि शेवटी काही ठिकाणी तो इतका मोठा झाला, की त्या खेळास उडी म्हणणे लोकांना अपुरे वाटू लागले. ते त्याला स्कीवरील उड्डाण म्हणू लागले.

या उड्डाणाची जागा कशी असते, ते पाहू. एक अवाढव्य घसरगुंडी डोळ्यांपुढे आणा. तिचा वरचा भाग मनोऱ्यावर किंवा डोंगराच्या माथ्यावर असतो. खेळाडू तेथून बसक्या स्थितीत घसरत खाली येतो, तेव्हा त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांच्या आसपास जातो. मग घसरगुंडी एकाएकी तुटते. या तुटलेल्या कडेपाशी तो सारे बळ एकवटून उभा होतो व पुढे झेपावतो. एवढ्या वेगात क्षणाचा दहावा भाग जरी चुकला, तरी तेवढ्यात सुमारे तीन मीटरांचे अंतर निघून गेलेले असते. म्हणून नवशिक्याची झेप कडेच्या अलीकडेच होते, किंवा कडा सुटून गेल्यावर होते.

येथे एक गोष्ट पुष्कळांना खोटी वाटते. ती कडा वर उचललेली नसते. चित्रे पाहून आपण समजतो, की खेळाडूला कोणी आकाशात भिरकावून देत असावे. वस्तुतः कडेजवळचा भागही किंचित खालीच उतरता असतो. खेळाडू वर जात नाही, तो पुढे जातो. आणि पुढे जाता जाता सारखा खाली येत असतो.

मग तो जिवंत कसा राहतो? तुम्ही गच्चीवरून एक खडा समोर फेका. तो सरळ रेषेत जात नाही. त्याची वाट हळूहळू वाकत वाकत जमिनीकडे वळते. उड्डाणाच्या जागेची रचना करणारा स्थापत्यकार हीच वाकडी वाट आधी गणिताने काढतो, आणि तिच्या खालोखाल, जवळजवळ तिच्याच आकाराचा, तीव्र उतार तयार करतो. त्यामुळे खेळाडू कडेपासून कितीही दूर गेला, तरी जमिनीपासून फार उंच नसतो. जणू उतार त्याच्याबरोबर खाली धावत असतो. शेवटी जेव्हा त्याच्या स्की बर्फाला टेकतात, तेव्हा त्याची वाट व उताराची दिशा यांत फारच थोडा कोन उरलेला असतो. तो बर्फावर आपटत नाही, बर्फाला मिळतो. विहिरीत सूर मारणारा पोरगा पाण्याला मिळतो, तसाच. गच्चीवरून सपाट अंगणात उडी टाकणाऱ्याचे पाय मोडतील, आणि हा मनुष्य वीसमजली इमारतीएवढा खाली येऊनही उभा राहतो, याचे कारण हे आहे.

परंतु याच रचनेत धोकाही दडलेला आहे. उतार कोठेतरी संपलाच पाहिजे, नाहीतर खेळाडू थांबणार कसा? म्हणून ठरावीक अंतरानंतर तो सौम्य होत जाऊन शेवटी सपाट होतो. जो खेळाडू अपेक्षेपेक्षा फार दूर उडतो, तो या सपाट भागावर येतो, आणि तेथे जमीन त्याला आमच्या विहिरीतील पाण्याप्रमाणे भेटते. या खेळात वाईट झेप तितकी भयंकर नाही, जितकी फाजील चांगली झेप. असा दुसरा खेळ मला आठवत नाही.

इतक्या मोठ्या उड्डाणांचा आरंभ प्लानित्सा येथे झाला. हे ठिकाण आता स्लोव्हेनिया देशात आहे. त्या वेळी तो भाग युगोस्लाव्हियात होता. तेथील मोठा उतार ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो स्टान्को ब्लौडेक हा अभियंता विमानेही तयार करीत असे, हे ऐकून तुम्हांला आश्चर्य वाटणार नाही. १९३६ सालच्या मार्च महिन्यात सेप ब्राडल नावाचा अठरा वर्षांचा ऑस्ट्रियन मुलगा तेथे १०१ मीटर उडाला. आपल्या शाळेच्या मैदानावर शंभर मीटरांच्या शर्यतीसाठी चुन्याच्या रेघा आखतात. त्या आरंभरेषेपासून निघून, मध्ये कोठेही पाय न टेकता, शेवटच्या रेषेपलीकडे उतरणे म्हणजे काय, याची त्यावरून कल्पना करा. मनुष्याने स्कीवर शंभर मीटर ओलांडण्याचा तो पहिला प्रसंग होता.

त्याच वर्षी, तीच गोष्ट नव्हे, पण आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट अमरावतीकरांनी केली. १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी जर्मनीस गेले व त्याने कबड्डी आदी देशी खेळ तेथील लोकांना करून दाखवले. मल्लखांबावरून उतरणारा गडी पाहिला आहे ना? उंच खांबावरून तो सुटतो आणि गुडघ्यांत किंचित वाकून मऊपणे जमिनीवर येतो. वरच्या कसरतीस टाळ्या पडतात. परंतु वस्ताद पाहतो, तो गडी उतरला कसा ते. हीच दृष्टी स्कीवरील उड्डाणाच्या पंचांची असते, हे पुढे दिसेल.

नंतर महायुद्ध आले. १९३९ ते १९४५ या सहा वर्षांत युरोपातील किती तरुण मेले, किती गावे उद्ध्वस्त झाली, ते तुम्ही इतिहासात वाचाल. युद्ध संपले तरी त्याची कटुता संपली नव्हती. १९४८ साली लंडनच्या ज्या ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताने हॉकीचे सुवर्णपदक जिंकले, त्या ऑलिंपिकला जर्मनी व जपान या देशांना बोलावण्यात आले नव्हते. त्याच वर्षी सेंट मॉरिट्झ येथे भरलेल्या हिवाळी ऑलिंपिकलाही ते नव्हते. त्याच साली फ्रिट्झ त्शानेन या स्विस खेळाडूने प्लानित्सास १२० मीटरांचा नवा उच्चांक केला.

जर्मनीच्या अगदी दक्षिण टोकास, ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ, ओबर्स्टडोर्फ नावाचे एक डोंगरी गाव आहे. त्या गावात स्कीवर उड्या मारणारे तिघे तरुण होते : हाइनी क्लोप्फर, सेप वाइलर आणि टोनी ब्रुट्शर. यांतील क्लोप्फर हा व्यवसायाने स्थापत्यकार होता. आपल्या गावात प्लानित्साच्या तोडीची उड्डाणाची जागा उभी राहावी, असे या तिघांच्या मनाने घेतले. क्लोप्फरने आराखडा काढला. १९४९-५० च्या सुमारास फ्रायबर्गझे नावाच्या एका लहान सरोवराजवळ डोंगरउतारावर ती जागा तयार झाली.

आता ती सुरक्षित आहे की नाही, हे कसे ठरवावयाचे? कागदावरील आकडे बरोबर होते. पण आकड्यांना हाडे नसतात. कोणीतरी पहिल्याने उडून पाहणे प्राप्त होते. १९५० सालच्या फेब्रुवारीत ती पहिली झेप खुद्द क्लोप्फरने घेतली आणि तो ९० मीटरांवर सुखरूप उतरला. बांधलेल्या पुलावरून पहिल्याने आपण स्वतः चालत जाणारा मनुष्य मला नेहमीच आवडतो. क्लोप्फरविषयी मला आदर वाटतो तो यासाठी.

१९५० च्या फेब्रुवारीअखेर तेथे पहिला आंतरराष्ट्रीय उड्डाण सप्ताह भरला. आपल्याकडे प्रजासत्ताक होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता; वऱ्हाडात पळस फुलण्याचे दिवस ते. ओबर्स्टडोर्फच्या डोंगरांवर मात्र दाट बर्फ होता. परदेशांचे खेळाडू जर्मनीच्या त्या गावी पाहुणे म्हणून आले. आजच्यासारखी यांत्रिक मोजणी त्या काळी नव्हती. उताराच्या कडेने माणसे ठरावीक अंतरावर उभी केलेली असत. खेळाडूचे पाय ज्याच्यासमोर टेकत, तो हात वर करी, आणि तेवढे मीटर नोंदले जात.

२८ फेब्रुवारीस विली गांटश्निग हा ऑस्ट्रियन खेळाडू १२४ मीटर उडाला. प्लानित्साचा उच्चांक पहिल्याच दिवशी मागे पडला. २ मार्चला सेप वाइलरने १२७ मीटर गाठले. आपण ज्या उताराचे स्वप्न पाहिले, त्याच उतारावर आपल्याच गावकऱ्यांच्या देखत जगातील सर्वांत लांब उड्डाण करण्याचे भाग्य किती जणांना लाभते? परंतु ते एकच दिवस टिकले. ३ मार्चला डॅन नेट्झेल या स्वीडिश पाहुण्याने १३५ मीटरांवर पाय टेकले. चार दिवसांत जगाचा उच्चांक तीनदा बदलला. कडा सुटल्यापासून बर्फ लागेपर्यंत नेट्झेल सुमारे पाच सेकंद हवेत असावा. पाच सेकंद म्हणजे थोडे वाटतात. डोळे मिटून सावकाश पाच आकडे मोजा आणि तेवढा वेळ आपल्या पायांखाली काही नाही असे समजा.

पुढच्याच वर्षी, २ मार्च १९५१ रोजी, त्याच ठिकाणी टाउनो लुइरो हा फिनलंडचा तरुण १३९ मीटर उडाला. त्याचा जन्म १९३२ सालच्या २९ फेब्रुवारीचा. म्हणजे तो नुकताच एकोणीस वर्षांचा झाला होता. त्याच्या उड्डाणाला पुढे जवळजवळ दहा वर्षे कोणी मागे टाकू शकले नाही. १९६१ च्या फेब्रुवारीत योझे श्लिबार या स्लोव्हेनियन खेळाडूने तेथेच १४१ मीटरांचे उड्डाण केले, तेव्हा कोठे तो उच्चांक मोडला. लुइरोने मात्र ते पाहिले नाही. १९५५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो आजाराने वारला होता. जगात सर्वांत लांब उडालेला मनुष्य म्हणून त्याचे नाव त्याच्या मृत्यूनंतरही पाच वर्षे यादीच्या शिरोभागी राहिले.

ही चढाओढ सर्वांना पसंत होती असे समजू नका. जगातील स्कीच्या खेळांचे नियमन करणारा आंतरराष्ट्रीय संघ या वाढत्या उतारांकडे प्रथमपासून संशयाने पाहत आला. उच्चांकासाठी आज दहा मीटर, उद्या वीस मीटर उतार वाढवीत गेल्यास कोणाचा तरी बळी जाईल, असे त्याला वाटे. आजही हा संघ अशा उच्चांकांची अधिकृत नोंद ठेवीत नाही. तरुणपणी मला ही भूमिका भित्री वाटली असती. शाळेत तीस-पस्तीस वर्षे दुसऱ्यांची मुले सांभाळल्यावर आता ती तशी वाटत नाही.

वाल्टर श्टाइनर या स्विस खेळाडूची हकीकत ऐका. हा लाकडावर कोरीव काम करणारा कारागीर. १९७२ साली प्लानित्सास स्कीवरील उड्डाणाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, ती त्याने जिंकली. दोन वर्षांनी तो पुन्हा प्लानित्सास आला, तेव्हा इतका उत्तम उडू लागला, की उतारच त्याला अपुरा पडला. १७७ मीटरांवर, उतार सपाट होऊ लागतो त्या भागात, तो उतरला आणि कोसळून जखमी झाला. तेथे जमलेल्या लोकांना आणखी लांब उड्डाणे पाहावयाची होती. श्टाइनरला जगावयाचे होते. तेव्हा इतरांपेक्षा खालच्या जागेवरून निघून, म्हणजे मुद्दाम कमी वेग घेऊन, तो उडाला. तरीही स्पर्धा त्यानेच जिंकली. हल्ली वारा पाहून किंवा उड्डाणे फार लांबू लागली असे दिसताच पंच निघण्याची जागा खाली आणतात, आणि त्याचा हिशेब गुणांत धरतात.

गुणांचा उल्लेख आला, म्हणून सांगतो, की केवळ अंतरावर जय ठरत नाही. पाच पंच उड्डाणाचा डौल व उतरण्याची रीत पाहून गुण देतात. त्यांतील सर्वांत मोठा व सर्वांत लहान आकडा वगळतात. उतरताना एक पाय किंचित पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले आणि हात दोन्ही बाजूंस पसरलेले असावेत. नॉर्वेतील टेलेमार्क प्रांतावरून या रीतीस टेलेमार्क म्हणतात. बर्फाला हात लागला, तर गुण कापले जातात आणि ते अंतर उच्चांक म्हणून धरले जात नाही. १९९४ साली प्लानित्सास आंद्रेआस गोल्डबर्गर हा ऑस्ट्रियन २०२ मीटरांवर उतरला. परंतु तोल सावरताना त्याचे हात बर्फास लागले. त्याच दिवशी फिनलंडचा टोनी निएमिनेन २०३ मीटरांवर पायांवर उभा राहिला. दोनशे मीटर ओलांडणारा पहिला मनुष्य म्हणून निएमिनेनचे नाव सांगतात. आपले मल्लखांबाचे वस्तादही असाच निवाडा देते.

दरम्यान हवेत शरीर कसे ठेवावे, याचेही शास्त्र बनत गेले. धान्य उपणताना वारा सुपाला कसा रेटतो, हे खेड्यातील मुलांनी पाहिले आहे. सूप वाऱ्याला तिरपे धरले, तर तो ते वर उचलू पाहतो; पतंगही याच बळावर चढतो. स्कीवरील खेळाडू आपले शरीर व फळ्या वाऱ्यापुढे अशाच तिरप्या धरतो आणि हवेवर रेलतो. राइनहार्ड श्ट्राउमान नावाच्या स्विस अभियंत्याने तर १९२० नंतरच्या दशकातच वाऱ्याच्या बोगद्यात प्रयोग करून याचा अभ्यास केला होता. तरीही पुष्कळ वर्षे खेळाडू हवेत हात पाखरांसारखे हालवीत. पुढे हात अंगालगत ठेवण्याची रीत आली. १९८० नंतरच्या दशकात यान बोक्लेव या स्वीडिश खेळाडूने दोन्ही स्कींची टोके एकमेकींपासून दूर फाकवून उडण्यास सुरुवात केली. त्यामुळे हवेचा आधार वाढे आणि तो दूर जाई. पंचांना मात्र ते बेडौल वाटे व ते त्याचे गुण कापीत. बोक्लेवने रीत सोडली नाही. १९८८-८९ च्या हंगामातील विश्वचषक त्याने जिंकला, आणि काही वर्षांत सर्वच खेळाडू त्याच्याप्रमाणे उडू लागले.

स्त्रियांना मोठ्या उड्डाणाची स्पर्धा फार उशिरा खुली झाली. नॉर्वेतील विकेरसुंड येथे २०२३ साली त्यांची पहिली स्पर्धा झाली. २०२५ च्या मार्चमध्ये त्याच ठिकाणी निका प्रेव्हत्स ही स्लोव्हेनियाची मुलगी २३६ मीटर उडाली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तिचा भाऊ डोमेन प्लानित्सास २५४.५ मीटर उडाला. स्त्रियांचा व पुरुषांचा असे दोन्ही उच्चांक त्या वसंतात एकाच घरात गेले.

ओबर्स्टडोर्फची जागा अजून आहे. क्लोप्फर १९६८ साली वारला. आता ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. लाकडी मनोऱ्याच्या जागी १९७३ पर्यंत ७२ मीटर उंचीचा काँक्रीटचा मनोरा उभा राहिला, उतारही पुनःपुन्हा सुधारण्यात आला, आणि २०१८ साली तेथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. हल्ली खेळाडू यांत्रिक पाळण्यातून वर जातात. वाइलर, नेट्झेल व लुइरो आपापल्या जड लाकडी फळ्या खांद्यावर घेऊन पायऱ्या चढत जात, आणि वर पोहोचल्यावर श्वास थोडा स्थिर होईपर्यंत थांबून मग खाली पाहत.